अमेरिकेतला ग्रिल पुण्याच्या बोर्डात लावू का?

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

‘मुलगा आणि सून बरीच वर्षं न्यू जर्सीत राहून आता कायमचे पुण्यात परतलेत. सामानाबरोबर त्यांनी तिथला इलेक्ट्रिक ग्रिलही आणला. मुलाने तिकडे नोकरी लागल्यावर घेतलेली ही पहिली वस्तू, त्यामुळे टाकवत नाही. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ, १५०० वॅट असं लिहिलंय. धूर ओढायला आत छोटा पंखा आहे. मी ऑनलाइन एक कन्व्हर्टर मागवला. खोक्यावर “२००० वॅट” छापलंय, पण तो तळहातावर मावतो आणि वजनाला पाव-अर्धा किलो असेल. मुलगा म्हणतो, “आत नुसती कॉइल आहे, तिला काय कळतंय इथला करंट की तिथला? पिन बदलली की झालं. फार तर एमसीबी पडेल.” हे म्हणतात, भंगारात देऊन टाका. दुसरं असं की मुलगी डॅलसला असते. दिवाळीनंतर आम्ही तिच्याकडे चाललोय, तिला इथला २००० वॅटचा इलेक्ट्रिक तंदूर हवाय. हाच कन्व्हर्टर तिकडे उलटा वापरता येईल का? ग्रिल एकदा लावून बघायचा मोह होतोय, पण हात धजत नाही.’

ताई, हात धजला नाही ते फार चांगलं झालं. उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत ग्रिलची पिन कुठल्याही बोर्डात घालू नका, आणि मुलालाही तेवढं सांगून ठेवा. हे आधी लिहिलं, कारण आपल्याकडच्या युनिव्हर्सल सॉकेटमध्ये आणि बऱ्याच स्पाइक गार्डमध्ये अमेरिकेची चपटी पिन आरामात बसते. पिन बसली की माणसाला वाटतं जमलं. पिनेचा प्रश्न बाजारात शंभर रुपयांत सुटतो. तुमच्यापुढचा खरा प्रश्न उष्णतेचा आहे.

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि धोका त्या बरोबर असलेल्या अर्ध्यातच आहे. कॉइलला ५० हर्ट्‌झ आणि ६० हर्ट्‌झमधला फरक खरंच कळत नाही. व्होल्टेज मात्र चांगलंच कळतं. कॉइलचा रोध ठरलेला असतो. १२० व्होल्टवर १५०० वॅट देणाऱ्या कॉइलचा रोध साधारण ९.६ ओहम येतो आणि ती साडेबारा अँपिअर करंट ओढते. तीच कॉइल २३० व्होल्टवर लावली की करंट जवळजवळ दुप्पट, म्हणजे २४ अँपिअर होतो. व्होल्टेजही जवळजवळ दुप्पट आणि करंटही जवळजवळ दुप्पट, त्यामुळे उष्णता दुप्पट न होता पावणेचार पटीच्या आसपास जाते. तुमचा १५०० वॅटचा ग्रिल आपल्या बोर्डावर साडेपाच हजार वॅटचा होतो. रात्री उशिरा लाइन २४५ व्होल्टपर्यंत चढली, तर सव्वासहा हजारांचा.

‘फार तर एमसीबी पडेल’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण पुष्कळ घरांत त्याच भरवशावर प्रयोग होतात. एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका, दोन तऱ्हेने पडते. शॉर्टसर्किट झालं की आतला चुंबक तिला क्षणात पाडतो, पण त्यासाठी करंट रेटिंगच्या निदान काही पट लागतो. घरात नेहमी बसवतात त्या सी प्रकारच्या एमसीबीत तो पाच ते दहा पट असतो. म्हणजे १६ अँपिअरची एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर हवेत. त्याखालच्या जादा लोडवर आतली पट्टी तापून वाकते आणि मग ती पडते, आणि तापायला वेळ लागतो. मानकातच लिहिलंय की रेटिंगच्या १.१३ पट करंटवर एमसीबी तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीवर तासाच्या आत पडायला हवी. तुमचा ग्रिल २४ अँपिअर घेणार, म्हणजे १६ च्या दीडपट. ती पडेल, पण कदाचित काही मिनिटांनी. पॉवर पॉइंटवर २० अँपिअरची एमसीबी असेल तर २४ म्हणजे फक्त १.२ पट, आणि ती तासभरसुद्धा टिकून राहू शकते. एसीच्या लाइनवर २५ किंवा ३२ ची असेल तर तिच्या लेखी काही घडलेलंच नसतं.

आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा ब्रेकर, आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. ती फक्त गळणारा करंट बघते. फेजमधून गेलेला सगळा करंट न्यूट्रलमधून परत आला, की तिचं समाधान होतं. मग तो पाच अँपिअर असो की पंचवीस.

त्या काही मिनिटांत ग्रिलमध्ये काय होतं? कॉइल म्हणजे धातूच्या नळीत पांढऱ्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत बसवलेली नायक्रोमची तार. ती इतक्या वेगाने तापते की थर्मोस्टॅटला ते कळेपर्यंत तापमान कितीतरी पुढे गेलेलं असतं. ग्रिलला बटणांचं पॅनेल आणि आकडे दाखवणारा डिस्प्ले असेल, तर बहुधा कॉइलच्याही आधी तो बोर्ड जातो. त्यावर व्होल्टेजची उसळी रोखणारा एक चपटा बिल्ल्यासारखा भाग असतो. १२० व्होल्टच्या उपकरणात तो साधारण १३० ते १५० व्होल्टचा बसवलेला असतो आणि २३० वर फट्‌कन फुटतो. एका परीने हे बरंच, कारण ग्रिल तिथेच बंद पडतो. साधा, फिरवायच्या खटक्याचा ग्रिल जास्त वाईट, कारण तो चालत राहतो. प्लेटवर नॉनस्टिकचा थर असेल तर २६० अंशांपुढे तो खराब व्हायला लागतो, ३५० च्या आसपास त्यातून विषारी वाफा निघतात. त्यांनी माणसाला ताप, थंडी, छातीत जडपणा येतो. घरात लव्हबर्ड्ससारखे पक्षी असतील तर ते दगावू शकतात.

आता तुमचा कन्व्हर्टर. खोक्यावरचे २००० वॅट खोटेच असतील असं नाही, पण ते कशासाठी आणि किती वेळासाठी, हे खोक्यावर सहसा ठळक छापत नाहीत. २००० वॅटचा खरा ट्रान्सफॉर्मर लोखंड आणि तांब्याचा असतो, त्याचं वजन किलोंमध्ये मोजतात. पाव-अर्ध्या किलोच्या डबीत तो असूच शकत नाही. अशा डब्यांत इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो विजेच्या लाटेचा बराचसा भाग कापून टाकतो आणि उरलेला पुढे सोडतो. सरासरी हिशोबाने ते १२० व्होल्ट भरतात, पण लाटेचं टोक तरीही ३०० व्होल्टच्या आसपास राहतं. खऱ्या १२० व्होल्टच्या लाइनचं टोक १७० चं असतं. हेअर ड्रायर किंवा इस्त्री पाच-दहा मिनिटं चालवायला हॉटेलातल्या प्रवाशासाठी ही युक्ती निघाली. तुमच्या ग्रिलमधला पंखा आणि पॅनेल ही टोकं सोसणार नाहीत. शिवाय पाऊण तास ग्रिल चालला की ती डबी स्वतःच तापून मऊ पडते.

तिचा सगळ्यात मोठा दोष मात्र वेगळा आहे. असा स्विच जळतो तेव्हा बहुतेक वेळा तो आतल्या आत जोडला जाऊन जळतो. म्हणजे ग्रिल बंद पडत नाही, उलट काही न सांगता पूर्ण २३० व्होल्टवर जातो. काही स्वस्त डब्यांत तर नुसता एक डायोड असतो. तो अर्धी लाट अडवतो आणि उरलेल्याचे १६३ व्होल्ट भरतात. त्यावर तुमचा १५०० चा ग्रिल पावणेतीन हजार वॅटवर चालेल. लगेच जळणार नाही, काही दिवस छान, झटपट भाजेल, आणि मग एक दिवस जाईल. परत करायची मुदत असेल तर कन्व्हर्टर परत करा.

कुणी स्टॅबिलायझर सुचवेल. तो २३० च्या आसपासची चढ-उतार सावरतो, २३० चे १२० करत नाही. कुणी पंख्याचा किंवा दिव्याचा रेग्युलेटर लावायला सांगेल. तो त्या डबीचाच लहान भाऊ आहे आणि एवढा लोड त्याला पेलत नाही. एखादा हुशार वायरमन म्हणेल, ‘दोन कॉइल असतील तर सिरीजमध्ये जोडतो, दोघींना अर्धे-अर्धे व्होल्ट मिळतील.’ कागदावर हे बरोबर आहे. पण दोन्ही कॉइल तंतोतंत सारख्या असाव्या लागतात आणि दोन्ही कायम एकदम चालू-बंद व्हाव्या लागतात. शिवाय पंखा, दिवा, पॅनेल यांना १२० कुठून द्यायचे हा प्रश्न तसाच राहतो. कॉइल बदलून २३० ची बसवणं शक्य असतं. मापाप्रमाणे हीटर बनवून देणारे कारागीर औद्योगिक वसाहतींत मिळतात आणि १५०० वॅटला साधारण ३५ ओहमची कॉइल लागेल. तुमच्या ग्रिलमध्ये पंखा नसता आणि कॉइल उपसून काढता येण्यासारखी असती, तर मी यावर विचार करा म्हटलं असतं. आहे त्या ग्रिलसाठी हा मार्ग सुचवणार नाही.

मग उरतो खरा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. त्यावर ग्रिल नीट चालतो, आणि ठेवायचाच असेल तर हाच रस्ता. घेताना काय बघायचं ते तपशिलात सांगते, कारण इथे फसगत फार होते.

१५०० वॅटच्या ग्रिलला १५०० चा ट्रान्सफॉर्मर घेऊ नका. ग्रिल तासभर सलग चालणार, म्हणून निदान २००० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, ग्रिलच्या हिशोबाला वॅटच समजा), आणि तेही ‘कंटिन्युअस’. दुकानदाराला स्पष्ट विचारा, ‘दोन हजार सलग तासभर देईल का, की पाच मिनिटांपुरते?’ वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तांब्याचं आहे असं बिलावर लिहून मागा, ॲल्युमिनियमचं वाइंडिंग तांब्याच्या भावात विकलं जातं. त्याला थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर आपोआप बंद करणारा भाग) आणि आउटपुटला १५ अँपिअरचा फ्यूज किंवा ब्रेकर हवा. आणि आउटपुटचं सॉकेट तीन भोकांचं, ज्यातलं अर्थिंगचं भोक आतून खरोखर इनपुटच्या अर्थिंगला जोडलेलं आहे असं हवं. बाजारातल्या पुष्कळ स्टेप-डाऊनला दोनच चपटी भोकं असतात. धातूच्या अंगाचा, तेल-पाणी सांडणारा ग्रिल त्यावर लावू नये.

दुकानात दोन जाती दिसतील. ‘ऑटो’ हलका आणि स्वस्त, २००० व्हीएला साधारण आठ-दहा किलो. ‘डबल वाउंड’ किंवा ‘आयसोलेशन’ पंधरा-वीस किलोंपर्यंत जातो आणि महागही पडतो. ऑटोमध्ये एकच वाइंडिंग असतं आणि त्यालाच मधून फाटा काढून आउटपुट घेतलेलं असतं. त्यातला न्यूट्रलकडचा भाग कधी तुटला, तर आउटपुटला पूर्ण २३० येऊ शकतात. डबल वाउंडमध्ये इनपुट आणि आउटपुटची वाइंडिंग वेगवेगळी असतात, त्यामुळे ही भीती नाही. पण त्याच्या पुढच्या बाजूची गळती घरातल्या आरसीसीबीला दिसत नाही, त्यामुळे ग्रिलच्या अंगाचं अर्थिंग पक्कं असणं तिथे जास्तच गरजेचं. मी डबल वाउंड घ्या म्हणेन. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा लोहार चाळीत चौकशी केलीत तर तयार मिळतो किंवा बनवून देतात.

आउटपुट ११० लिहिलेलं असेल की १२०? आपल्याकडे बहुतेकांवर ‘२२० ते ११०’ असतं, म्हणजे निम्मं. आपली लाइन २३० असली की तुम्हाला ११५ मिळतील आणि ग्रिल १५०० ऐवजी चौदाशेच्या आत-बाहेर चालेल. चालतं, तापायला थोडा वेळ जास्त द्यावा लागेल इतकंच.

मांडणी करताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टेबलावरच्या अमेरिकन ग्रिलची वायर मुद्दाम आखूड ठेवलेली असते, कुणाचा पाय अडकून गरम ग्रिल अंगावर येऊ नये म्हणून. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर ग्रिलच्या जवळ आणावा लागतो. तो ग्रिलच्या खाली किंवा अगदी कुशीत ठेवू नका, तुपाचे-मॅरिनेशनचे शिंतोडे जाळीतून आत जातात. वायर पुरेल तेवढा बाजूला, जमिनीपासून वर, चारही बाजूंनी हवा खेळेल असा ठेवा. एक्स्टेन्शन लागलंच तर ते भिंत आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये लावा, ट्रान्सफॉर्मर आणि ग्रिल यांच्यामध्ये नको. भिंतीकडच्या बाजूला करंट सात अँपिअरच्या आसपास असतो, ग्रिलच्या बाजूला साडेबारा. जिथे करंट कमी तिथेच वायर वाढवावी. तीन कोअरची, दीड किंवा अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा. सॉकेट १६ अँपिअरचंच हवं. सात अँपिअर म्हणजे थोडेच, असं म्हणून सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटात लावाल तर ते महिन्याभरात काळं पडेल.

पहिल्या दिवशी ग्रिल न जोडता ट्रान्सफॉर्मर चालू करून मल्टीमीटरने आउटपुट तपासून घ्या. ११० ते १२५ च्या बाहेर असेल तर पुढे जाऊ नका. मग बंद करून ग्रिल जोडा, रिकामाच चालवा आणि पुन्हा मोजा. लोडवर पाच व्होल्टपर्यंत उतरणं ठीक, वीस-पंचवीस उतरले तर ट्रान्सफॉर्मर नावापुरता २००० चा आहे. पंधरा मिनिटांनी सगळं बंद करा, पिन काढा आणि तिला हाताच्या उलट्या बाजूने स्पर्श करून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर पकड ढिली आहे. वार्निश तापल्याचा गोडसर-जळका वास पहिल्या वेळी थोडासा येतो, दुसऱ्या वेळीही आला तर दुकानात परत न्या. ट्रान्सफॉर्मर चालू करताना कधीकधी एमसीबी लगेच पडते. तो दोष नसतो, मोठा ट्रान्सफॉर्मर पहिल्या क्षणी करंटचा जोरदार घोट घेतो. सारखंच व्हायला लागलं तर आणि तुमची एमसीबी लवकर पडणाऱ्या बी प्रकारची असेल, तर वायरमनला तिच्या जागी सी प्रकारची, त्याच अँपिअरची एमसीबी लावायला सांगा. अँपिअर वाढवू देऊ नका. काम झालं की ट्रान्सफॉर्मरचा स्विच भिंतीवर बंद करा, नाहीतर तो रात्रभर गुणगुणत वीज खात बसतो. घरच्या इन्व्हर्टरवर हे सगळं प्रकरण कधीच टाकू नका. वीज गेली की पॉवर पॉइंट इन्व्हर्टरवर येत नाही ना, हे एकदा बघून घ्या.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्‌झ बदलत नाही. तुमच्या ग्रिलचा पंखा ६० च्या हिशोबाचा आहे. तो साधा एसी मोटरचा असेल तर ५० वर सुमारे सहाव्या हिश्शाने हळू फिरेल आणि थोडा जास्त तापेल. धूर ओढणं त्या प्रमाणात कमी होईल, म्हणून खिडकी उघडी ठेवा. पंखा डीसी मोटरचा असेल तर फरक पडणार नाही. ज्यांच्या ग्रिलला सळई फिरवणारी मोटर आहे, त्यांनाही हेच लागू.

आणि ताई, अमेरिकेची पिन कापून आपला थ्री-पिन टॉप बसवू नका, ट्रान्सफॉर्मर घेतला तरी. कारण पुढे कधीतरी, तुम्ही घरात नसताना, पाहुणा किंवा कामाला येणारी मुलगी आपली ओळखीची पिन बघून तो सरळ भिंतीत लावेल. पिन आहे तशी ठेवा, तिच्याजवळ वायरला लाल टेप गुंडाळा आणि मराठीत मोठ्या अक्षरात ‘थेट बोर्डात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा.

एवढं सगळं करायचं का, हा निर्णय तुमचा. पण ‘न वापरणं म्हणजे वाया घालवणं’ हे जे तुम्ही गृहीत धरलंय, त्याकडे एकदा नीट बघा. चांगला २००० व्हीएचा डबल वाउंड ट्रान्सफॉर्मर जेवढ्याला पडतो, बहुतेक वेळा त्याच पैशांत, कधी त्याहून कमीत, इथला २३० व्होल्टचा टेबलावरचा ग्रिल मिळतो. तो २००० वॅटचा असतो, म्हणजे तापतोही जास्त चांगला. त्याचे सुटे भाग मिळतात. पंधरा-वीस किलोंचं धूड दर वेळी कपाटातून काढावं लागत नाही. ज्या घरात ग्रिल दर शनिवारी निघतो आणि ट्रान्सफॉर्मर कोपऱ्यात कायमचा बसवता येतो, तिथे जुना ग्रिल चालवण्यात अर्थ आहे. वर्षातून चार वेळा पनीर टिक्का करायचा असेल, तर नाही. दुसरी गोष्ट अशी की ट्रान्सफॉर्मरवर मिक्सर, कॉफी मशीन अशी तिकडची इतर उपकरणंही चालवायची असतील तर हिशोब बदलतो. मुलाने सामानात काय काय आणलंय ते विचारून मग ठरवा, मात्र एका वेळी एकच उपकरण लावायचं.

तुमच्या यजमानांचं ‘भंगारात द्या’ मला पटत नाही. चालू स्थितीतला ग्रिल अमेरिकेत किंवा कॅनडात जाणाऱ्या कुणाला देता येतो, तिकडे तो पहिल्या दिवसापासून चालेल. खरं तर तुम्ही स्वतःच डॅलसला चाललाय. ग्रिलची प्लेट आणि ठिबकणाऱ्या तेलाची ताटली सुटी होत असेल, तो फार जड नसेल, तर तो चेक-इन सामानात मुलीकडे न्या. मुलाने घेतलेली पहिली वस्तू बहिणीच्या घरी रोज वापरात राहील. प्लेट घासून कोरडी करा, तेलाचा अंश ठेवू नका, आणि नाजूक पॅनेलभोवती साड्या-टॉवेल गुंडाळा.

यातून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. इथला तंदूर तिकडे नेऊ नका. २३० व्होल्टवर २००० वॅट देणारा तंदूर १२० वर जेमतेम ५४५ वॅट देईल, म्हणजे पाव हिश्शाहून थोडं जास्त. काही जळणार नाही, म्हणून लोक याला सुरक्षित समजतात. पण तो तावच धरत नाही. पदार्थाला खरपूस रंग यायला त्याचा पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जावा लागतो. एवढ्या कमी वॅटमध्ये चिकन किंवा पनीर आपलंच पाणी सोडतं, ते पाणी आटत बसतं आणि पदार्थ भाजण्याऐवजी वाफेवर फिकट शिजतो. चिकनच्या बाबतीत तर ते बराच वेळ कोमट राहतं, आणि जंतूंना हीच स्थिती मानवते. आतपर्यंत ७४ अंश गाठल्याशिवाय ते खाण्यालायक होत नाही.

तुमचा कन्व्हर्टर उलटा चालत नाही. कापलेल्या लाटेतून जास्त व्होल्ट निघत नाहीत. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तिथल्या नेहमीच्या सॉकेटची मर्यादा १५ अँपिअर, म्हणजे १२० व्होल्टवर १८०० वॅट. २००० वॅटच्या तंदूरला ट्रान्सफॉर्मरच्या आधी जवळजवळ १७ अँपिअर लागतील, वर नुकसान वेगळं. कितीही मोठा ट्रान्सफॉर्मर घेतला तरी भिंतीतून तेवढं मिळत नाही. जास्तीत जास्त १२०० ते १४०० वॅटचा तंदूर असता तर जमलं असतं. कुणी म्हणेल, तिकडे कपडे वाळवायच्या मशीनला २४० व्होल्टचं सॉकेट असतं, त्यावर लावा. तिथले २४० म्हणजे एकमेकांच्या उलट चालणाऱ्या १२० च्या दोन जिवंत तारा. आपल्या तंदूरला जी तार न्यूट्रल वाटते, तीही तिथे जिवंत असते. त्याचा एकेरी स्विच बंद केला तरी कॉइलची एक बाजू जमिनीच्या मानाने १२० व्होल्टवर राहते. शिवाय त्या लाइनवरचा ब्रेकर ३० अँपिअरचा असतो, तो तंदूरच्या बारीक वायरचं रक्षण करू शकत नाही. ते सॉकेट सोडून द्या.

मुलगी अपार्टमेंटमध्ये राहत असेल तर आणखी एक गोष्ट. तिकडे बाल्कनीत कोळशाच्या आणि गॅसच्या ग्रिलवर पुष्कळ ठिकाणी बंदी असते. एनएफपीए-१ हा अग्निसंहिता नियम जिथे लागू आहे, तिथे टेबलावरच्या इलेक्ट्रिक ग्रिलला मुभा आहे, पण तो तिथल्या संस्थेने तपासून प्रमाणित केलेला हवा आणि भाजायचा पृष्ठभाग २०० चौरस इंचांच्या आत हवा. इथून नेलेल्या तंदूरवर तो शिक्का नसतो, आणि काही झालं तर विमावाले पहिला प्रश्न त्याचाच विचारतात. मुलीने भाडेकरार एकदा काढून बघावा.

हे पत्र वाचून ज्यांची मुलं दुसरीकडे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रिटन, युरोप, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया या सगळीकडे २३० व्होल्टच्या आसपासच आहे. तिकडे भारतातला ग्रिल चालतो, फक्त पिन बदलावी लागते. ती प्रवासातल्या चौकोनी युनिव्हर्सल ॲडॉप्टरने बदलू नये, कारण त्यातले कित्येक सहा-दहा अँपिअरचे असतात आणि पुष्कळांत अर्थिंगच नसतं. तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून तिथली अर्थिंग असलेली पिन बसवून घ्यावी. ब्रिटनच्या पिनमध्ये १३ अँपिअरचा फ्यूज असतो, २००० वॅटला तो पुरतो. ऑस्ट्रेलियातलं नेहमीचं सॉकेट १० अँपिअरचं, तेही पुरतं. कॅनडा अमेरिकेसारखाच, १२० चा. जपानमध्ये १०० व्होल्ट आहेत. तिथे अमेरिकेचा १५०० चा ग्रिलसुद्धा हजार-एक वॅटवरच चालतो.

मुलीला तंदूरची चव हवी असेल तर डॅलसच्या घरातल्या ओव्हनचा ब्रॉइलर वापरायला सांगा. त्यात आच वरून येते, आणि ओव्हन इलेक्ट्रिक असेल तर तो त्यांच्या २४० च्या लाइनवरच चालत असल्यामुळे वॅट कमी पडत नाहीत. खाली जाड ओतीव लोखंडी तवा किंवा पिझ्झा स्टोन वीस मिनिटं तापवायचा. पनीरचे किंवा चिकनचे तुकडे तुम्ही नेलेल्या लोखंडी शिगांवर ओवायचे, शिगा ट्रेच्या काठांवर टेकवायच्या म्हणजे तुकडे अधांतरी राहतात आणि पाणी खाली गळतं. वरच्या कॉइलपासून चार-पाच इंच अंतर, दर तीन-चार मिनिटांनी पलटणं, शेवटी एकदा तुपाचा ब्रश. शिगा धारदार असतात, हँडबॅगेत घालू नका, चेक-इन सामानात ठेवा.